हजबंड, नग एक

अच्युतराव खांबेट्यांनी एकतीस वर्षं कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात बसून जेवढी ड्रॉइंगं काढली, त्यांतलं एकही कधी परत आलं नव्हतं. ही गोष्ट ते स्वतःच्या तोंडाने कुणाला सांगत नसत. मात्र बोलणं तिथपर्यंत आणून सोडायचं आणि समोरच्याने विचारेपर्यंत चष्म्याच्या काचा पुसत बसायचं, हे कसब त्यांच्याकडे होतं. अशा माणसावर निवृत्तीला तीन महिने उरले असताना एका इंग्रजी शब्दाच्या ड्रॉइंगच्या सात प्रती गोळा करत भोपाळभर हिंडायची पाळी आली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सुरुवात मराठी मंडळातून झाली. मंडळाच्या सचिव वैजयंतीबाई जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात क्वार्टरवर आल्या, तिळाची वडी खाल्ली आणि म्हणाल्या, "अच्युतराव, वर्धापनदिनाला दरवर्षी एक निवृत्त होणारा सभासद दहा मिनिटं बोलतो. यंदा तुम्ही. दहाच मिनिटं." गेल्या वर्षीचे निवृत्त सभासद मधुमेहावर पन्नास मिनिटं बोलले होते आणि मागे जिलब्या गार झाल्या होत्या, म्हणून त्यांनी "दहा" हा आकडा दोनदा उच्चारला.

अच्युतरावांना शब्दांचा नाद होता. पंचवीस वर्षं नोकरी झाल्यावर कारखाना एक भेटवस्तू देत असे. यादीत प्रेशर कुकर, भिंतीवरचं घड्याळ आणि सूटकेस अशा तीन वस्तू होत्या. अच्युतरावांनी लेखी अर्ज करून चौथी मागितली, ती म्हणजे शब्दांची मुळं सांगणारा इंग्रजी कोश. अर्ज सात महिने फिरला आणि अखेर बारा शेर वजनाचा कोश घरी आला. शशिकलाबाईंच्या मनात कुकर होता. त्या एवढंच म्हणाल्या, "छान. आता वरण यातच शिजवते."

त्या कोशात त्यांना 'हजबंड' सापडला, आणि चहाच्या वेळी त्यांनी तो बायकोपुढे मांडला.

"अगं, हजबंड म्हणजे नवरा नव्हेच मुळी."

"ते मला बत्तीस वर्षांपासून ठाऊक आहे," शशिकलाबाई म्हणाल्या.

"ऐक तर. हूस म्हणजे घर आणि बोंडी म्हणजे वस्ती करून राहणारा. हजार वर्षांपूर्वी उत्तरेकडचे दर्यावर्दी इंग्लंडात शिरले, त्यांनी हा शब्द नेला. त्याआधी तिथे नवऱ्याला म्हणायचे 'वेर'. वेर म्हणजे आपला वीर, सख्खं नातं!"

"म्हणजे वीर गेला आणि घरात बसणारा आला."

"आणि बोंडीचं मूळ आपल्या 'भू'मध्ये. भवति, भवन! बघ, कुठला धागा कुठे जातो. पुढे हजबंड म्हणजे शेतकरी झाला. मग कारभारी झाला. बंदरात जहाजाची काळजी घेणाऱ्यालासुद्धा जहाजाचा हजबंड म्हणत. मग काटकसरीने वापरणं, याचं क्रियापदच झालं. नवरा हा अर्थ मागाहून आला. मुळात लग्न झालं असो नसो, ज्याचं स्वतःचं घर तो हजबंड. आपल्याकडे घरधनी म्हणतात ना, तसंच."

हे बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. शशिकलाबाईंनी कप उचलले आणि त्या नळाखाली धुवायला गेल्या. एरवी त्या दोन्ही कप संध्याकाळपर्यंत तसेच ठेवत.

कारण असं की खांबेट्यांना स्वतःचं घर नव्हतं. होता तो प्लॉट. होशंगाबाद रोडवर, मिसरोदला, कारखान्यातल्याच लोकांनी काढलेल्या गृहनिर्माण संस्थेत बारा वर्षांपूर्वी तो त्यांच्या नावावर लागला होता. संस्थेची अट एकच: घराचा नकाशा दाखल करा. ज्यांना साधी रेघ सरळ मारता येत नव्हती त्यांचीही घरं तिथे उभी राहिली, गच्चीवर वाळवणं पडू लागली. आणि जन्मभर नकाशे काढणाऱ्या खांबेट्यांच्या जागेवर बाभळी वाढत होत्या. अच्युतराव दर दिवाळीत नकाशा काढायला घेत आणि दर तुळशीच्या लग्नापर्यंत फाडून टाकत. "मशीन चुकलं तर दुरुस्त करता येतं," ते म्हणत, "घर चुकलं तर त्यात राहावं लागतं." शशिकलाबाई आधी वर्षातून चारदा विचारायच्या, मग एकदा विचारू लागल्या. चार वर्षांपूर्वी त्यांनी विचारायचंच सोडलं. अच्युतरावांना तेव्हा बरं वाटलं होतं, आणि त्या बरं वाटण्याचीच आता त्यांना लाज वाटत होती.

संस्थेचं शेवटचं पत्र दारामागच्या खिळ्याला टोचलेलं होतं. एकतीस मार्चपर्यंत नकाशा आला नाही तर प्लॉट यादीतल्या पुढच्या सभासदाला जाईल. एकतीस मार्चलाच अच्युतराव निवृत्त होणार होते. त्यानंतर काही महिन्यांत क्वार्टरही सोडायचं होतं. असो, हे तारखांचं झालं. भाषणाकडे वळू.

अच्युतरावांना ड्रॉइंगशिवाय काही सांगता येत नसे. पाहुण्यांना घरचा रस्तासुद्धा ते बाण आणि मापं घालून काढून देत. तेव्हा शब्दाचा इतिहास तोंडी सांगायचा हा विचारच त्यांना अघोरी वाटला. एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, त्यांनी कडेला चिरलेला म्हणून बाद झालेला ट्रेसिंगचा ताव घेतला (घेताना सेक्शनच्या वहीत तशी नोंद केली, कारण माणूस सरळ) आणि हजबंड काढायला घेतला. मधोमध दोन सुटे भाग: क्रमांक एक हूस, क्रमांक दोन बोंडी. दोन्ही जोडून तयार होणारी वस्तू हजबंड. तिथून बाण निघून शेतकरी, कारभारी, काटकसर आणि अगदी खाली, बारीक अक्षरात, नवरा. उजवीकडे भागांची यादी. हूस, नग एक. बोंडी, नग एक. मूळ देश या रकान्यात, रकाना होता म्हणून, त्यांनी नॉर्वे लिहिलं.

आता क्रमांक एक म्हणजे घर. ते नुसता चौकोन काढून दाखवणं त्यांच्या हाताला मानवेना. म्हणून त्यांनी घराचा तळनकाशा काढला. दोन खोल्या, पूर्वेला स्वयंपाकघर, मागे पडवी, पडवीत झोपाळा, अंगणात लिंबाचं झाड. मापं घातली, भिंतींची जाडी दाखवली. डबा संपायच्या आत काम झालं. जे बारा वर्षांत जमलं नाही ते वीस मिनिटांत जमलं हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही, कारण त्यांचं लक्ष शब्दात होतं.

आणि इथे घात झाला. तो ताव कारखान्याचा होता, आणि त्याच्या खालच्या कोपऱ्यात छापील चौकट होती. एकतीस वर्षं ज्या हाताने ती चौकट भरली, तो हात कुणाला विचारत नाही. त्याने नाव लिहिलं, तारीख लिहिली, भिंतीवरच्या वहीतून पुढचा ड्रॉइंग नंबर घेतला, वहीत तो चढवला, ताव गुंडाळला आणि नेहमीच्या टोपलीत ठेवला. अच्युतराव हात धुवायला गेले. परत येईपर्यंत टोपली रिकामी झाली होती. शिपाई वेळेवर येण्याची ही त्या सालातली पहिली खेप.

प्रिंट रूममध्ये अमोनियाच्या वासात हजबंडच्या सात प्रती निघाल्या आणि ठरलेल्या यादीप्रमाणे वाटल्या गेल्या: नियोजन, गुणवत्ता आणि राजभाषा विभागाला एकेक, दोन शॉपना, म्हणजे यंत्रशाळांना, एकेक आणि स्टोअरला दोन.

आठ दिवसांनी पत्रं यायला लागली. नियोजनाने विचारलं की हजबंडचं चालू आर्थिक वर्षाचं उद्दिष्ट किती नग. गुणवत्तेचं म्हणणं, क्रमांक एक आणि दोन यांची बसण दाखवलेली नाही. ती घट्ट हवी की ढिली? अच्युतरावांनी हा प्रश्न दोनदा वाचला आणि खिडकीबाहेर पाहिलं. राजभाषा विभागाचे तिवारीजी स्वतः येऊन म्हणाले, "खांबेटेजी, बाकी सब ठीक है, पर शीर्षक द्विभाषी होना चाहिए था. मैंने 'पति संयोजन' सुझाया है, फाइल में लगा दिया है." स्टोअरचं पत्र सर्वांत कडक होतं. बोंडी हा माल आपल्या सूचीत नाही, मूळ देश नॉर्वे दिसतो, तरी आयात परवान्याचा क्रमांक आठ दिवसांत कळवावा. खाली सही होती नारायण बोकारे यांची.

नारायणराव बोकारे म्हणजे खांबेट्यांचे शेजारी, नागपूरचे. दोन्ही क्वार्टरांच्या मध्ये एकच कुंपण आणि एकच कढीलिंब. संध्याकाळी अच्युतराव तडक त्यांच्याकडे गेले.

"नारायणराव, हे काय? आयात परवाना?"

"या, बसा न," बोकारे म्हणाले. "इंदुमती, चहा टाक वं. हे बघा, शेजारी म्हणून सांगतो, तुम्ही काही टेन्शन घेऊन नका राहू. फालतू कागद आहे थो. फाडून फेका."

"पण लिहिलंय तुम्हीच!"

"थे स्टोअर म्हणून लिहिलं. स्टोअर म्हणून सांगतो, आठ दिवसांत उत्तर नाही आलं तर मी वर पाठवून राहिलो."

एकाच माणसाकडून एकाच खुर्चीत बसून दोन विरुद्ध सल्ले ऐकण्याचा तो प्रसंग अच्युतरावांनी चहासकट गिळला. बोकारे फाटकापर्यंत पोचवायला आले आणि हळूच म्हणाले, "पण घर झकास काढलं राजा तुम्ही. थो झोपाळा लय आवडला."

प्रकरण अखेर माथुरसाहेबांच्या टेबलावर गेलं. माथुरसाहेब ड्रॉइंग ऑफिसचे प्रमुख, भला माणूस. ते पाच मिनिटं ड्रॉइंग पाहत राहिले, एकदा हसले आणि मग गंभीर झाले. "खांबेटे, रद्द करवा लो. सातों कॉपी रेकॉर्ड रूम में जमा. जब तक ये बंद नहीं होता, आपके रिटायरमेंट के कागज़ मैं आगे कैसे भेजूँ? बताइए." बोलण्यात राग नव्हता, आणि तेच अच्युतरावांना लागलं. रागावले असते तर निदान उत्तर देता आलं असतं.

रेकॉर्ड रूमचे सक्सेनाजी नियमांचं पुस्तक उशाशी घेऊन झोपत अशी वदंता होती. त्यांनी ड्रॉइंगची चौकट पाहिली आणि बोट ठेवलं. "बनाया, खांबेटे. जाँचा... खाली है! जो जाँचा नहीं गया वो पास कैसे हुआ? जो पास नहीं हुआ वो बँटा कैसे? और जो कायदे से बँटा ही नहीं, उसे मैं रद्द कैसे करूँ?"

"मग?"

"पहले जँचवाइए. फिर रद्द करेंगे."

नियम असा होता की बनवणाऱ्याखेरीज त्या वस्तूची पुरती माहिती असणारी कुणीही व्यक्ती तपासनीस म्हणून सही करू शकते. ड्रॉइंग ऑफिसात चाळीस माणसं होती, बहुतेक लग्न झालेली. पण हजबंडची पुरती माहिती आहे असं कागदावर लिहून द्यायला एकही तयार होईना. "उद्या नॉर्वेवाले काही बोलले तर?" असं एकाने विचारलं, आणि तो हसला नाही.

मग अच्युतराव प्रती गोळा करायला निघाले. नियोजन आणि गुणवत्तेच्या प्रती फाइलींसकट मिळाल्या. तिवारीजींनी आपली प्रत जड अंतःकरणाने दिली, कारण त्यांच्या तिमाही अहवालात एक शीर्षक कमी होणार होतं. एका शॉपमध्ये प्रत भिंतीला डकवलेली होती. अच्युतरावांना पाहताच फोरमन रहमत मियाँ मशीन सोडून आले. "क्या मकान बनाया है, साब! हम रोज देखते हैं खाना खाते-खाते." त्यांच्या माणसांनी पेन्सिलीने काही सूचनाही लिहिल्या होत्या, कुणी पाण्याची टाकी घातली होती, कुणी पडवीत एक बकरी बांधली होती. हजार वर्षांचा शब्द कोपऱ्यात होता, त्यावर भाजीच्या तेलाचा डाग होता.

दुसऱ्या शॉपचा सुपरवायझर प्रत घरी घेऊन गेला होता, भोपाळच्याच सोनागिरी वस्तीत. इथे टाउनशिपची एक रीत सांगायला हवी. जुन्या प्रिंटचा कागद जाड आणि चिवट. तो फेकायचा नाही, घरी न्यायचा. कारखान्यातल्या कोणत्याही घरातल्या मुलांच्या वह्या आणि बायकांच्या फळ्या याच कागदाने मढलेल्या असत. जी गुपितं कुलपात ठेवायची, त्यांच्यावर कॉलनीत लोणच्याच्या बरण्या बसत. त्यामुळे सोनागिरीत अच्युतरावांना हजबंड सापडला तो सुपरवायझरच्या मुलीच्या भूगोलाच्या वहीवर. मुलगी वही सोडेना. शेवटी अच्युतरावांनी दुकानातून तपकिरी कागद आणला, जमिनीवर मांडी घालून वहीला नवं कव्हर घातलं, नाव सुलेखनात लिहून दिलं, आणि मग त्यांची सुटका झाली.

सहावी प्रत स्टोअरच्या फाइलीत मिळाली. सातवी मिळेना. "असन कुठंतरी," बोकारे म्हणाले, शेजारी म्हणून. स्टोअर म्हणून त्यांनी लिहून दिलं की एकच प्रत आली होती.

या धामधुमीत वर्धापनदिन उजाडला. सकाळी दहा वाजता सभागृह गच्च भरलेलं पाहून अच्युतरावांना वाटलं, भाषाशास्त्राला अजून दिवस आहेत. ते हूसवर बोलले, बोंडीवर बोलले. वीर जाऊन घरात राहणारा कसा आला, तिथे हशा अपेक्षित होता. आला नाही, कारण हा विनोद कॉलनीत आधीच फिरून गेला होता. दहाव्या मिनिटाला ते थांबले. "कुणाला काही विचारायचंय?"

सात हात वर झाले.

"खांबेटे, स्वयंपाकघराला खिडकी एकच कशी?"

"शब्दाबद्दल विचारा," अच्युतराव म्हणाले.

"झोपाळा लोखंडी की लाकडी?"

"काका, बांधकाम कधी सुरू करताय?" हे पहिल्या रांगेतून.

अच्युतरावांनी कागद घडी करून खिशात घातला. तिसऱ्या रांगेत शशिकलाबाई बसल्या होत्या. सगळी कॉलनी त्यांच्या घरावर बोलत होती आणि त्या मांडीवरच्या पर्सच्या बंदाशी चाळा करत खाली पाहत होत्या. माणसाला बत्तीस वर्षांत बायकोचा चेहरा वाचता येतो असं म्हणतात. अच्युतरावांना त्या दिवशी वाचता आला नाही, आणि वाचायची भीतीही वाटली. जिलबी त्यांनी घेतली, पण खाल्ली नाही.

दोघं घरी परतली. दुपारी शशिकलाबाई अंगणात कपडे वाळत घालत होत्या तेव्हा अच्युतराव स्वतः चहा करायला उठले. डबा काढायला त्यांनी फडताळाचं दार उघडलं, आणि डबा उचलल्यावर खाली त्यांना स्वतःचं अक्षर दिसलं. एक व्हॉल्व्ह. एकोणीसशे एकाहत्तरचा. मेतकुटाच्या बाटलीखाली एक फ्लँज, गुळाच्या डब्याखाली पंप. त्यांचं अर्धं आयुष्य त्या फळ्यांवर पसरलेलं होतं, हळदीचे डाग पडलेलं, पण कुठेही फाटलेलं नव्हतं. त्यांच्या डोक्यात विचार चमकला. ते एकेक डबा खाली उतरवू लागले.

"काय चाललंय?" शशिकलाबाई बादली घेऊन दारात उभ्या होत्या. ओट्यावर सत्तावीस डबे होते.

"सातवी प्रत शोधतोय. म्हटलं, चुकून आपल्याकडे..."

"ती फळीवर कशी असेल?" त्यांनी बादली खाली ठेवली. "ती काय फळीवर घालायची वस्तू आहे?"

त्या आतल्या खोलीत गेल्या, लोखंडी कपाट उघडलं आणि साड्यांच्या खालून घडी केलेला एक कागद घेऊन आल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा. संक्रांतीच्या आधी फळ्या आवरायला बोकाऱ्यांच्या इंदुमतीबाईंनी कागदांची एक गुंडाळी दिली होती, त्यात तो आला होता. वीस दिवस तो या घरात होता.

"वीस दिवस!" अच्युतराव म्हणाले. "मी सोनागिरीला जाऊन कव्हर घालून आलो! अगं, सांगायचं तरी."

"तुम्ही मला सांगितलंत?" शशिकलाबाईंनी विचारलं. "बारा वर्षं मी या घराची वाट बघतेय. आणि घर काढलंत ते शब्दाला लागतं म्हणून. फोरमनला माहीत, तिवारींना माहीत, त्या सोनागिरीच्या पोरीला माहीत. मला कळलं ते बोकाऱ्यांच्या रद्दीतून."

"चुकलो," अच्युतराव म्हणाले. त्यांनी कागद ओट्यावर, डबे सरकवून, उलगडला.

कागदावर लाल पेन्सिलीच्या खुणा होत्या. त्यांच्याच लाल पेन्सिलीच्या, जी तीन आठवड्यांपासून हरवली होती. स्वयंपाकघराची खिडकी दोन फुटांनी रुंद केलेली. माळा दाखवला आहे, शिडी कुठे? मोरीचा उतार मागच्या बाजूला. लिंबू नको, काटे; कढीलिंब. झोपाळ्याची कडी छताला धरेल ना? अक्षर मोठं, गोल आणि ठाम होतं. अच्युतराव एकेक खूण बोटाने पाहत गेले आणि एकही त्यांना खोडता येईना. मग ते भागांच्या यादीशी आले. हूस, नग एक, तसंच होतं. त्याच्या खाली, घरात वस्ती करून राहणारा, बोंडी, नग एक. त्यातला एक खोडून वर लाल पेन्सिलीने लिहिलं होतं, दोन.

अच्युतरावांनी चष्मा काढला. या वेळी काचा खरोखरच पुसायच्या होत्या.

"तुम्हीच सांगितलंत ना," शशिकलाबाई म्हणाल्या, "राहणारा म्हणून. मग मी काय बाहेर झोपू?"

अच्युतरावांनी चौकटीतला रिकामा रकाना दाखवला. "इथे सही हवी. वस्तूची पुरती माहिती असणारी व्यक्ती. ऑफिसात कुणी मिळालं नाही."

"कुठनं मिळणार?" त्यांनी पेन्सिल घेतली. मग ती ठेवून शाईचं पेन घेतलं, आणि नीट, एका रेषेत सही केली. शशिकला अच्युत खांबेटे.

सोमवारी सक्सेनाजींनी सात प्रती मोजल्या. सातवी उलगडली. सही पाहिली. "ये मैडम का स्टाफ नंबर?"

"क्वार्टर नंबर चालेल का?" अच्युतरावांनी विचारलं.

सक्सेनाजींनी नियमांचं पुस्तक काढलं, दोन पानं मागे गेले, तीन पुढे आले. लाल खुणा एकेक वाचल्या. खिडकीपाशी त्यांनी मान डोलावली. मग ते पुस्तक मिटून म्हणाले, "खांबेटे साब, जिस ड्रॉइंग में जाँचने वाले ने सुधार बताए हों, वो रद्द नहीं हो सकता. नियम है." आणि अच्युतराव खुर्चीवरून उठायच्या आत त्यांनी शिक्का मारला: संशोधन कर पुनः प्रस्तुत करें, म्हणजे दुरुस्त करून पुन्हा सादर करा. "नया नंबर संस्था वालों से ले लीजिए, मिसरोद में. हमारे यहाँ से मामला बंद."

एकतीस वर्षांत पहिल्यांदा अच्युतराव खांबेट्यांचं ड्रॉइंग परत आलं. त्यांनी ते छातीशी धरून घरी नेलं आणि वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला स्वतःहून सांगितलं. बोकाऱ्यांनी शेजारी म्हणून पेढा खाल्ला, स्टोअर म्हणून दुसरा.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी दोघं बसने मिसरोदला गेली. संस्थेच्या सूचनाफलकावर नकाशा मंजूर झाल्याचा कागद होता, तो शशिकलाबाईंनी दोनदा वाचला. मग बाभळी चुकवत दोघं प्लॉटवर आली. अच्युतरावांनी मोजायचा टेप काढला आणि एक टोक बायकोच्या हातात दिलं. त्या पूर्वेला गेल्या, जिथे खिडकी येणार होती. ते पश्चिमेला उभे राहिले, कुठे राहायचं ते नीट ठाऊक नसल्यासारखे.

"अहो, ओढा जरा," शशिकलाबाई तिकडून ओरडल्या. "ढिला सोडलाय तुम्ही."

अच्युतरावांनी ओढला.